शुक्र अल्लाहचा, शुक्रिया माणसाचं

उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो की 'शुक्र' आणि 'शुक्रिया' हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. शुक्र अल्लाहचा आणि शुक्रिया माणसाचं, एवढाच काय तो फरक. ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र या दोन्हींना जोडणारी एक सुंदर रीत आहे. तिथे माणसाबद्दल देवाचे आभार मानतात.

बायबलच्या नव्या करारातली पौलाची पत्रं वाचली तर ही रीत लगेच दिसते. फिलिप्पैच्या मंडळीला त्याने तुरुंगातून पत्र लिहिलं आणि सुरुवातीलाच, तुमची आठवण येते तेव्हा मी देवाचे आभार मानतो, असं सांगितलं. करिंथची मंडळी भांडणांनी पोखरलेली होती. तिला तो पुढे खडे बोल सुनावतो, पण त्याआधी तिच्याबद्दल आभार मानतो. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तर नावांची यादीच आहे. आपल्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याचे तो तिथे थेट आभार मानतो. म्हणजे देवाचे आभार मानले की माणसाचं ऋण फिटलं, असं तो समजत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. हे आभार फक्त आपल्या धर्माच्या माणसापुरतेही नाहीत. मुतइम बिन अदी इस्लाम न स्वीकारताच वारले, पण मक्केत त्यांनी प्रेषितांना (स.) संरक्षण दिलं होतं. बद्रच्या लढाईनंतर प्रेषित (स.) म्हणाले की आज मुतइम हयात असते आणि त्यांनी शब्द टाकला असता, तर मी हे सगळे कैदी सोडून दिले असते. ही नोंद बुखारीत आहे.

आता आपल्याकडे बघू. गडहिंग्लज भागात दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' म्हणायची जुनी सवय आहे. मिरजेला हे नाव मिळवून देण्यात विल्यम वॉन्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरचा मोठा वाटा आहे. त्यांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉन्लेसवाडीला त्यांचंच नाव आहे. कोणी म्हणेल, ते धर्मप्रचारासाठी आले होते. मिशनरी तर ते होतेच. पण त्यांचा धर्म मान्य करणं वेगळं आणि त्यांच्या हातून मिळालेली शिफा कबूल करणं वेगळं.

आज मोबाईलवर दुसऱ्या समाजाचं नाव येतं ते बहुधा तक्रारीतच. तिकडे आपलंही तसंच येत असणार. म्हणूनच मला वाटतं, पौलाची ही रीत आपणही उचलावी. इशाच्या नमाजनंतर मागणं मागून झालं की दुआत एखादं नाव घ्यावं. उधारीवर वही देणारा दुकानदार असेल, नाहीतर रात्री अपरात्री रिक्षा काढणारा शेजारी. 'या अल्लाह, हा माणूस तू आमच्या वाट्याला दिलास, तुझा शुक्र आहे,' एवढंच म्हणावं. त्याचा धर्म कोणताही असो, यात अडचण कसली?

आणि सकाळी तो भेटला की त्यालाही सांगावं.