गुरुवारची सुटी

तळवड्यात आमची एक शेड आहे. शेड म्हणजे वर पत्रा, खाली चार लेथ आणि कोपऱ्यात म्हाताऱ्या सासऱ्यासारखा रात्रंदिवस खोकणारा कॉम्प्रेसर. आमची साप्ताहिक सुटी गुरुवारी. आता आम्ही पडलो ख्रिस्ती. देवाचा वार रविवार. त्यामुळे रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा चिंचवडला उपासना आणि साडेअकराला शेडवर हजर. मधल्या तासाभरात स्कूटर तीच असते. तिच्यावरचा माणूसही तोच राहतो का, एवढाच माझा वाद आहे.

'धर्म धर्माच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी' हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्याला गाठून मला विचारायचंय, की बाबा रे, या दोन जागांचे सातबारे तुला वेगवेगळे कोणी काढून दिले? आमच्या मंडळीत हे वाक्य म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही म्हणतो. पेमेंट अडकलं की जरा मोठ्याने म्हणतो.

ख्रिस्ती सद्गुण म्हटले की आम्हाला आठवतात ते सगळे इस्त्री केलेले सद्गुण. हळू बोलावं, दारू पिऊ नये, नाताळात शेजारीपाजारी करंज्या-चकल्या पोचवाव्यात. करंजीवर माझा राग नाही. पण ज्याने दुसरा गाल पुढे करायला सांगितला, त्याची समजूत करंजीवर निघेल हा हिशेब मला पटत नाही.

आमच्या धंद्यात भोक तपासायला एक गेज असतो. त्याला दोन टोकं. 'गो' टोक आत गेलंच पाहिजे आणि 'नो-गो' टोक जाता कामा नये. नुसत्या 'गो' टोकाने तपासलं, तर बादलीएवढं भोकसुद्धा पास! आमची धार्मिकता आम्ही नेमकी याच टोकाने तपासतो. उपासनेला जातो? जातो. गीतं म्हणतो? म्हणतो, तीही वरच्या पट्टीत. दान देतो? देतो, पावती घेऊन. ओके! दुसरं टोक कोणी हातातच घेत नाही. खोटं चलन आत गेलं का? कामगाराचा ओव्हरटाइम पोटात गेला का? छे! तो धंदा झाला.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "अहो, आपण काय संत आहोत का?" हे वाक्य निदान तळवड्यात तरी जपून बोलावं. देहू शेजारीच आहे. तिथले तुकोबा धंद्याने वाणी होते, आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. 'वसुली वेगळी, विठ्ठल वेगळा' असं काही ते म्हणाले नाहीत. आणि आमचे नारायण वामन टिळक सांगत, की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या गृहस्थाने 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांना प्रार्थना शिकवली, तसं विणकाम शिकवलं, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं. कुठे उपासना संपली आणि कुठे काम सुरू झालं, हे तिथे घंटा ऐकून कळत असेल, माणूस बघून नव्हे. आम्ही मात्र टिळकांच्या त्या पुलावरून टेम्पो नेतो आणि परत येताना रिकामा आणतो.

परवा काय झालं, पाळकसाहेबांनी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग घेतला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याशी काही वाकडं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी हा भाग शंभरदा ऐकलाय. 'भाऊ' म्हणजे धाकटा चुलतभाऊ असं धरून दरवेळी सुटतो. परवा नेमका आमचा जुना लेथवाला आठवला. माळकरी माणूस. त्याचा तीन महिन्यांचा ओव्हरटाइम थकला होता. पैसे नव्हते असंही नाही. पाकीट भरून आठ दिवस स्कूटरच्या डिकीत फिरत होतं. "महिनाअखेर देऊ, लगेच दिले की सवय लागते," हा आमचा व्यवहार.

दानाची थैली माझ्या रांगेत आली तेव्हा पाचशेची नोट हातात होती. ती खिशात घालून मी उठलो. सौभाग्यवतींना वाटलं, पोट बिघडलं.

तळवड्याच्या चौकात कंटेनर आडवे लागलेले. देवाच्या कामाला निघालेल्या माणसाने वापरू नयेत असे दोन शब्द तिथे वापरले आणि त्याच्या खोलीवर पोचलो. तो नव्हता. "देहूला गेलेत, एकादशी हाय," त्याची बायको म्हणाली. "बसा ना साहेब, चहा टाकते." मी पाकीट पुढे केलं. चेहऱ्यावर माझ्या तेव्हा थोडं तेज असावं.

तिने खिळ्यावरचं कालनिर्णय काढलं. तीन महिन्यांच्या पानांवर पेन्सिलीने तास मांडलेले होते. तिने बोटांवर बेरीज केली. नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"साहेब, पाचशे कमी हायत."

शक्यच नव्हतं. पाकीट मी स्वतः भरलं होतं. मग आठवलं. सकाळी घाईत घरात सुटे नव्हते, तेव्हा दानासाठी नोट काढली होती ती याच पाकिटातून.