वर्गणी थांबली, आणि जुने अंकही गेले

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीला येणारी एक मुलगी रडकुंडीला आली होती. सास्तूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘संवाद सहायक’ म्हणून ज्या बायका गावोगाव फिरल्या, त्यांत तिची आई होती. या कामावर इंग्रजी नियतकालिकांत आलेले लेख ती लघुप्रबंधासाठी कॉलेजच्या संगणकावर वाचत होती. अर्धी टिपणे झाली आणि एके दिवशी पासवर्ड चालेना. कॉलेजने त्या वर्षीची वर्गणी भरली नव्हती.

वर्गणी भरली नाही तर नवे अंक बंद होणार, हे समजू शकते. पण जुने का? ‘बायजा’ची, ‘मानुषी’ची वर्गणी भरलेल्या आपल्यापैकी कितीजणींच्या ट्रंकेत ते अंक आजही आहेत. मध्ये एखाद्या वर्षी वर्गणी चुकली म्हणून कुणी घरी येऊन आधीचे अंक उचलून नेले नाहीत.

संगणकावरचे नियतकालिक बहुधा विकतचे नसते, भाड्याचे असते. अंक प्रकाशकाच्या यंत्रावर राहतात. ग्रंथालयाला मिळते ती फक्त किल्ली, तीही मुदतीची. पैसे भरलेल्या वर्षांच्या अंकांवर कायमचा हक्क, असे कलम करारात असेल तरच ते अंक पुढेही वाचता येतात. मोठी विद्यापीठे हे कलम भांडून घेतात. आपल्याकडची कॉलेजे ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासद होतात. योजना चांगली आहे, स्वस्तही आहे. पण सभासदत्व संपले की दार बंद.

त्या मुलीच्या मदतीला आले ते कॉलेजचे जुने कपाट. संगणक आल्यावर ‘आता कागद कशाला’ म्हणून छापील अंक थांबवलेले, पण त्याआधीचे बांधीव खंड धूळ खात का होईना, जागेवर होते. दलित स्त्रीवादी भूमिकेवरचा शर्मिला रेगे यांचा १९९८ चा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला लेख तिने त्यातच वाचला. पुढची वर्षे कपाटातही नाहीत आणि संगणकावरही नाहीत.

केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे खाजगी शिक्षणसंस्थांची. आणि ही मुदत २०२७ ला संपते. त्यानंतर या तीन वर्षांचे अंक कुणाचे, हे आत्ताच लेखी मागायला हवे. पैसा जनतेचा आहे, त्यात आपल्या मजुरीतून कापलेला करही आला.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचे प्रकरण बीडमध्ये २०१९ साली गाजले, तेव्हापासून अभ्यासक आपल्याकडेही येतात. चुलीपुढे बसून दोन-दोन तास प्रश्न विचारतात. बाई पोट उघडे करून टाके दाखवते. मग लेख छापून येतो आणि तो वाचायला तिच्या लेकीकडे किल्ली नसते.

म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे, जो येईल त्याने आपल्या लेखाची छापील प्रत आणून द्यायची. आधी कबुली, मग मुलाखत. एकीने यावर तोंड वाकडे केले, पण प्रत पाठवली. दिवाळीपासून चार जमल्या आहेत. ट्रंक गटाच्या खोलीत आहे, कुलूप लावलेले नाही.