शिबीर मे महिन्यात घ्या!

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल या वार्षिकांकात दरवर्षी छापून येतो. उद्घाटन, ग्रामसफाई, बौद्धिके, सांस्कृतिक कार्यक्रम आणि समारोप, असा त्याचा क्रम ठरलेला. प्रस्तुत लेख हा अहवाल नाही. ही एक मागणी आहे, आणि ती प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी व माझे विद्यार्थी मित्र या सर्वांकडे आहे. वलगावचे आपले शिबीर यापुढे डिसेंबरऐवजी मे महिन्यात घ्यावे आणि तिथे जाताना भाषणे घरी ठेवून वही-पेन्सिल बरोबर न्यावी.

वर्गात ही कल्पना मांडली तेव्हा मित्रांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. वऱ्हाडातला मे म्हणजे काय हे मलाही ठाऊक आहे. अकोल्याचा आणि अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या वर गेल्याची बातमी आपल्याकडे बातमीही राहिलेली नाही. पण माझे म्हणणे नेमके त्या पाऱ्यावरच उभे आहे.

'शाश्वत जीवनशैली' हा शब्द सध्या फार ऐकू येतो. थंड देशांतले विद्यार्थी गटागटाने उष्ण कटिबंधातल्या देशांत जातात, चांगले पैसे मोजून मातीच्या घरात राहतात, पाणी बेताने वापरतात, खत तयार करतात, आणि त्याचे प्रमाणपत्र घेऊन परततात. हसण्यासारखे त्यात काही नाही, शिकण्याची हौस आहे. मात्र आपण अमरावतीकर एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे त्याच उष्ण कटिबंधात जन्मलो, आणि आपल्याला त्यातले काय येते? पंखा बंद पडला की आपली विद्या संपते.

या विषयाचा पहिला धडाही परदेशातून यायला नको होता. 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर झाला तो १९८७ च्या ब्रुन्टलँड अहवालामुळे. त्याच्या चार दशके आधी, १९४५ मध्ये, जे. सी. कुमारप्पा यांचे 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक निघाले होते. हे कुमारप्पा म्हणजे आपल्या शेजारच्या वर्ध्याला, मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाचे काम करणारे अर्थतज्ज्ञ. निसर्गात जे पुन्हापुन्हा उगवते त्यावर जगणे वेगळे, आणि जे एकदाच खणून संपते त्यावर जगणे वेगळे, हा भेद त्यांनी तेव्हाच मांडला. अर्थशास्त्राच्या आमच्या वर्गात हे नाव मी अजून ऐकलेले नाही. सरांनी राग मानू नये, अभ्यासक्रमातच नसेल तर ते तरी काय करणार!

आता वलगाव. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांना अमरावतीकडे आणले जात असताना याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलावर, त्यांचा देह पडला. म्हणून डिसेंबर आणि वलगाव ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे. आपल्या विद्यापीठाला बाबांचे नाव मिळाले ते २००५ साली. त्या नावाला शोभावे म्हणून आम्ही पन्नास जण खराटे घेऊन गल्ल्या झाडतो. झाडू नये असे कोण म्हणेल? परंतु बाबांचा क्रम पाहा. ते दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत. आम्ही झाडलेल्या रस्त्यावर मंडप घालतो आणि गावाला उत्तरे सांगतो, तीही न विचारलेल्या प्रश्नांची. शिवाय डिसेंबरात गावाला वेळ कुठे असतो? कापसाची वेचणी चालू असते. पाणी वाचविण्यावर माझ्या एका मित्राचे भाषण झाले तेव्हा समोर चार म्हातारे, शाळेची मुले आणि आम्हीच होतो. त्या दिवशी सकाळी आमच्यापैकी निम्म्या जणांनी दोन-दोन बादल्यांनी आंघोळ केली होती, हेही नोंदवून ठेवतो.

त्या चार म्हाताऱ्यांपैकी एकाच्या घरी आम्ही तिघे चहाला गेलो. घर धाब्याचे, भिंती हातभर जाड पांढऱ्या मातीच्या, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकतात, ती पाणी खाली उतरू देत नाही, असे त्यांनी सांगितले. कोणती माती खारी हे कसे ओळखायचे, थर किती द्यायचा, उतार कुठे ठेवायचा, असे आम्ही विचारत गेलो. थोडा वेळ ते सांगत राहिले, मग म्हणाले, "बापू, हे असं बसून नाई समजत. उन्हायात या, मंग समजन."

मला वाटते, एवढ्या एका वाक्यात आमच्या सात दिवसांच्या सगळ्या बौद्धिकांहून अधिक अर्थ होता. डिसेंबरात धाब्याचे घर, कवेलूचे घर, टिनाचे घर आणि सिमेंटचे घर सारखेच सुखाचे वाटते. डिसेंबरात बहुतेक विहिरींना पाणी असते. परीक्षेआधीच सगळे विद्यार्थी हुशार दिसावेत तसे हे आहे. मे महिना परीक्षा घेतो. दुपारी दोन वाजता टिनाखाली बसवत नाही आणि मातीच्या भिंतीआड बसवते, हे अंगाला कळले तर घरबांधणीवर वेगळे व्याख्यान लागणार नाही. पाण्याचेही तसेच. वलगावहून दर्यापूरच्या दिशेने गेले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथे जमिनीखाली पाणी असूनही ते खारट, पिण्याच्या उपयोगाचे नाही आणि ओलितालाही नाही. तिथल्या बाया एक घागर कशी पुरवतात, कोणते पाणी कशाला आणि उरलेले कुठल्या झाडाला, हे भर उन्हाळ्यातच पाहायला मिळेल.

उन्हाळ्यात गावही शिकवायला मोकळे असते. वखरणी पहाटे उरकते. अंगणात पापड, कुरड्या, सांडगे वाळत असतात. सूर्याच्या उष्णतेचा इतका चोख उपयोग आमच्या विज्ञान मंडळाच्या प्रदर्शनात मी पाहिलेला नाही. बियाणे निवडणे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे, कवेलू फेरणे, ही सगळी याच दिवसांतली कामे. उकिरडा उपसून शेतात न्यायचा तोही याच वेळी. त्या उकिरड्यावरून आठवले, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात थोडक्या शेणात भरपूर खत करण्याची रीत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. पुसद आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, आणि आपल्या वसतिगृहाच्या खानावळीचे उष्टे मात्र रोज गटारात जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्यावर 'खेड्याकडे चला'वाल्या भाबडेपणाचा शिक्का बसेल. गरिबी म्हणजे शाश्वत जीवन नव्हे. शिबिरात आमच्या गटाने एका आजीच्या अंगणात चुलीवर भाकरी केल्या, आणि आमच्यातल्या एकीने कौतुकाने म्हटले की, चुलीवरची चव गॅसला नाही. आजी हसली. म्हणाली, "सात दिवस चुलीपाशी बसाले मज्याच वाटते, माय. माये डोये गेले धुरानं. मले गॅसच पायजे. सिलिंडर परवडत नाई म्हनून हे पऱ्हाटी." यावर आमच्यापैकी कोणाला काही बोलता आले नाही. पऱ्हाटी जाळणे निसर्गाला परवडते आणि आजीच्या डोळ्यांना परवडत नाही. धूर न करणारी चूल तिच्या घरी का टिकली नाही, हे मला अजून माहीत नाही, आणि ते तिलाच विचारायला हवे. ज्याला पर्याय नाही त्याच्या काटकसरीचे आपण गोडवे गायचे आणि संध्याकाळी आपल्या घरी येऊन कूलर लावायचा, हा ढोंगीपणा झाला. म्हणूनच जे शिकायचे ते आपण आपल्या घरात, वसतिगृहात, महाविद्यालयात वापरण्यासाठी शिकायचे, गावाला शाबासकी देण्यासाठी नाही.

योजनेचे घोषवाक्य 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' असे आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी शताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतून ही योजना सुरू झाली तेव्हा ते योग्यच होते. पण या एका बाबतीत, हे शिबीर आमच्यासाठी आहे, असे गावाला आधीच सांगून टाकावे. गावकरी मोकळेपणाने बोलतील.

अडचणी मी जाणतो. विद्यापीठाच्या परीक्षा, मुलींच्या पालकांची परवानगी, उष्माघाताची भीती. शेवटची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपायही गावाकडेच आहे: पहाटे पाच ते नऊ काम, दुपारी जाड भिंतींच्या घरांत जुन्या माणसांशेजारी बसून वहीत नोंदी, रात्री धाब्यावर झोप. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती मे महिन्यातच, आणि महाराष्ट्रभरची मुले त्या उन्हात तिथे गेली. परीक्षांचे वेळापत्रक आड येत असेल तर परीक्षा संपल्यावरचा पहिला आठवडा धरावा. २० डिसेंबरला पेढीच्या काठी जाऊन बाबांना वंदन जरूर करावे, एक दिवस.

येत्या मे महिन्यासाठी माझ्यासह अकरा जणांनी नावे दिली आहेत, त्यांत चार मुली आहेत. यादी राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत आहे. कूलर नसलेली खोली तीच.