फलक चौकात नको, नोंद ठाण्यात हवी

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून माणूस सुटला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, त्याचा फोटो-पत्ता चौकात लावा, त्याला गावात थारा देऊ नका. दुसरा म्हणतो, शिक्षा भोगली, विषय मिटला. मला दोन्ही मान्य नाहीत. पहिल्याचा विचार आधी करतो, कारण तो लेकीबाळींच्या काळजीपोटी बोलतो.

तो फलक कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपुरात लावून पाहा. शाहू महाराजांनी आखून वसवलेलं हे गाव. इथले पत्ते आजही गल्लीच्या नंबरानं सांगतात. नाव, गल्लीचा नंबर आणि ‘बालिकेवर अत्याचार’ एवढंच लिहा. दिवस मावळायच्या आत ती बालिका कोण हे गल्लीला कळलेलं असेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. पोक्सोच्या कलम 23 नं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नं झाकलेली तिची ओळख हा फलक उघडी पाडतो. उद्या तिचं स्थळ बघायला आलेले लोक त्याच फलकाची चौकशी करतील. आणि आपल्याच चुलत्याचं नाव चौकात लागणार म्हटल्यावर किती घरं तक्रार द्यायला पुढे येतील?

नावं जगजाहीर करण्याचा हा प्रयोग अमेरिकेनं केला आहे. न्यू जर्सीत 1994 मध्ये ‘मेगनचा कायदा’ झाला, 1996 मध्ये तो देशभर गेला. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अभ्यासकांनी 2011 मध्ये आकडे तपासून दाखवलं की पोलिसांकडच्या नोंदीनं ओळखीच्यांवरचे गुन्हे कमी होतात. नावं जगजाहीर केल्यावर मात्र सुटलेल्यांकडून पुन्हा गुन्हे वाढण्याचाच कल दिसतो. मायामीत शाळेपासून 2,500 फुटांच्या आत राहायला बंदी आली, तेव्हा सुटलेली माणसं खाडीवरच्या पुलाखाली तंबू ठोकून राहिली. घर नाही, काम नाही, गमावण्यासारखं काही नाही, अशा माणसापासून आपल्या मुली अधिक सुरक्षित कशा?

आता ‘विषय मिटला’ म्हणणारे. बिल्किस बानो सामूहिक बलात्कार खटल्यातल्या 11 दोषींना गुजरात सरकारनं 15 ऑगस्ट 2022 ला मुदतीआधी सोडलं, त्यांना पेढे भरवले, हार घातले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून हा अधिकार महाराष्ट्राचा होता, असं सांगत सर्वोच्च न्यायालयानं 8 जानेवारी 2024 ला ती माफी रद्द केली. तिथं शिक्षा पुरीही झालेली नव्हती. पण पुरी झाली तरी विषय मिटला की नाही, हे ठरवणारे हार घेऊन आलेले कोण? जिनं सोसलं तिला कुणी विचारलं?

नोंद ठेवणं म्हणजे पुन्हा ती जुनी, गुन्हेगार ठरवलेल्या जातींना द्यावी लागणारी हजेरी, हा आक्षेप मात्र कोल्हापूरकरानं गांभीर्यानं घ्यायला हवा. महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. ब्रिटिशांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 पर्यंत टिकला. पण ती हजेरी जन्माला चिकटलेली होती. इथं न्यायालयात सिद्ध झालेलं, एकाच माणसाचं कृत्य आहे. नोंदीला मुदत असावी, ती काढून टाका म्हणून न्यायाधीशाकडे जाण्याची वाट असावी. म्हणजे तिची हजेरी होणार नाही.

अशी राष्ट्रीय नोंद 20 सप्टेंबर 2018 पासून आहेच, आणि ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. हे योग्यच आहे. पण ठाण्यात पडून राहिलेली नोंद मुलांपर्यंत कशी पोचणार? बदलापूरच्या शाळेतल्या बालअत्याचाराच्या घटनेनंतर 2024 मध्ये शाळांना कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश निघाला. तीच सक्ती शिकवण्या, वसतिगृहं, तालमी, मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षा-व्हॅन यांनाही हवी. विचारणाऱ्याला पोलिसांनी ‘ठेवता येईल’ किंवा ‘ठेवू नका’ एवढंच कळवावं, तपशील नको.

नोंदीसोबत माणसांचं लक्षही हवं. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये 1994 मध्ये एका मेनोनाइट पाद्र्यानं सुटलेल्या माणसाभोवती स्वयंसेवकांचं कडं उभं केलं. ते त्याला भेटतात, कामाला मदत करतात आणि तोंडावर विचारतातही: काल कुठं होतास? हे काम कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात, सुटकेच्या बरंच आधी सुरू करता येईल. सुटल्यावर त्याला मुलांपासून दूरचं काम आणि राहायला खोली मिळवून द्यावी. आणि सुटकेची तारीख ठरली की पहिला निरोप पीडितेच्या घरी जावा, साध्या वेशातल्या महिला पोलिसाकरवी, तेही गल्लीला सुगावा न लागता.