माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन : सांध्यावरच्या पदवीची कसोटी

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील एटीएममधून काही तासांत कोट्यवधी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेचा वापर करून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. बँकेला एकूण ९४ कोटींहून अधिक रुपयांचा फटका बसला. एटीएममधून येणारी पैशांची मागणी बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधीच चोरांनी उभारलेली बनावट यंत्रणा तिला परस्पर मंजुरी देत होती.

ही घटना संगणकतज्ज्ञांनी सोडवावयाची तांत्रिक बाब म्हणून पाहता येते. पण तिच्यातून उभे राहणारे प्रश्न तेवढ्यावर थांबत नाहीत. सुट्टीच्या दिवशी व्यवहारांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची? मंजूर झालेल्या रकमा आणि खात्यांतील नोंदी यांचा ताळमेळ किती वेळाने घ्यावयाचा? संशय येताच संपूर्ण यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संगणक प्रणालीचे अंतरंग माहीत असावे लागते आणि संस्था कशी चालते, याचीही जाण असावी लागते. माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन यांची सांगड घालणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम अशाच माणसांच्या घडणीसाठी सुरू झाले. तशी माणसे त्यांतून खरोखर घडतात का, हा आजचा प्रश्न आहे.

मूळ कल्पना अर्धशतकापूर्वीची

ही सांगड नवी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्रा. गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापन माहिती प्रणाली या विषयाच्या स्वतंत्र अध्यापनाला प्रारंभ झाला. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संघटनेने १९७२ मध्ये माहिती प्रणालींच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अभ्यासक्रमाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. संस्थेची गरज ओळखणारा आणि त्या गरजेला यंत्राचे रूप देणारा, अशा दोन्ही प्रकारच्या व्यावसायिकांचा विचार त्यांत होता.

भारतात या कल्पनेला बहर आला तो सॉफ्टवेअर उद्योगाबरोबर. ग्वाल्हेर येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेच्या नावातच माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन हे दोन्ही शब्द आले. आयआयएम बंगळुरूने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकरदारांसाठी स्वतंत्र व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केला. पुण्यात १९९९ मध्ये सिम्बायोसिस सेंटर फॉर इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही संस्था उभी राहिली आणि माहिती तंत्रज्ञान व व्यवसाय व्यवस्थापन या विषयातील अभ्यासक्रमामुळे ओळखली जाऊ लागली. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान त्याच सुमारास आकार घेत होते. ग्राहकाची अडचण समजून घेऊन ती अभियंत्यांना सांगणारा आणि अभियंत्यांचे काम ग्राहकापुढे मांडणारा मध्यस्थ या उद्योगाला हवा होता. नवे पदवीधर त्या जागेवर सहज सामावले गेले.

नावे अनेक, वाटा वेगळ्या

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे मात्र निवडीचा गुंता आहे. माहिती तंत्रज्ञान हा विशेष विषय असलेले एमबीए, व्यवस्थापन संस्थांतून चालणारे एमसीए, काही विद्यापीठांतील एमसीएम आणि खासगी संस्थांच्या पदव्युत्तर पदविका, अशी नावांची गर्दी आहे. पुणे विद्यापीठात तर एमसीए हा अभ्यासक्रम व्यवस्थापन, विज्ञान आणि अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या शाखांच्या छत्राखाली शिकविला गेला. पदवीचे नाव एक आणि अभ्यासाचा कल वेगळा, ही स्थिती पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ पासून एमसीएचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. विद्यार्थ्याचे एक वर्ष व त्याचा खर्च वाचला, हा त्यातला उघड लाभ. मात्र दोन वर्षांत प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क आणि प्रकल्प बसविल्यानंतर लेखाशास्त्र, संघटनात्मक वर्तन किंवा व्यवसाय प्रक्रिया यांना कितीसा वेळ उरतो, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढे परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे पदवी अभ्यासक्रमही आपल्या कक्षेत घेतले. राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी मे २०२४ मध्ये प्रवेश परीक्षा घेतली, आणि प्रतिसाद अपुरा ठरल्याने त्याच वर्षी ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली. पदव्युत्तर वर्गात येणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने याच पदव्यांमधून येत असल्याने त्या धोरणाचे पडसाद वरच्या वर्गांतही उमटणार आहेत.

मध्यस्थाची जागा आक्रसताना

यापेक्षा गंभीर बदल नोकरीच्या बाजारात होत आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्याची झळ मुख्यत्वे मध्यम व वरिष्ठ श्रेणीला बसणार होती. यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ न बसणे हे कारण असल्याचे कंपनीने सांगितले. कारण कोणतेही माना, संकेत स्पष्ट आहे. बैठकांची इतिवृत्ते लिहिणे, कामाच्या प्रगतीचे तक्ते भरणे, ग्राहकाचे म्हणणे एका दस्तऐवजातून दुसऱ्यात उतरविणे, यांवर बेतलेली मधली फळी आता सुरक्षित राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून यांतील बरेचसे काम यंत्र काही मिनिटांत करून देते. आणि नेमक्या याच फळीत शिरण्याचा परवाना म्हणून या पदव्यांकडे आजवर पाहिले गेले.

मग या शिक्षणाची गरज संपली का? वस्तुस्थिती उलट दिशेला बोट दाखविते. वारंवार खंडित होणाऱ्या सेवांमुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल सेवा सुरू करण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. ते निर्बंध पूर्णतः उठण्यास मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर, माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनातील त्रुटींवरून, ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास बंदी आली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत हलविली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलीच खाती वापरता येईनाशी झाली. त्याबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. अशा प्रकरणांत यंत्रापाठोपाठ जाब विचारला गेला तो कारभाराला.

नियामकांनी हे ओळखले आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश संबंधित बँका व वित्तसंस्थांना संचालक मंडळाच्या पातळीवर माहिती तंत्रज्ञान धोरण समिती नेमण्यास सांगतात, आणि तिचा अध्यक्ष या विषयातील जाणकार स्वतंत्र संचालक असावा, असे बजावतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे निरोप्याची मागणी घटत असताना जोखीम ओळखणाऱ्या, माहितीच्या वापराची मर्यादा ठरविणाऱ्या आणि वेळप्रसंगी 'हे करू नका' असे सांगू शकणाऱ्या माणसाची गरज वाढते आहे.

वर्गात काय बदलावे?

असा माणूस दोन विषयांचे पेपर शेजारी शेजारी ठेवून तयार होत नाही. सकाळी डेटाबेस आणि दुपारी विपणन शिकविले, म्हणजे सांगड घातली गेली, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. दोन्हींचा मिलाफ विद्यार्थ्याने स्वतःच करावा, अशी अपेक्षा असते आणि परीक्षेत मात्र त्याची कसोटी लागत नाही. अपयशी ठरलेल्या प्रकल्पाची चिरफाड, लेखापरीक्षणाचे प्रत्यक्ष काम, एखाद्या सहकारी बँकेच्या किंवा लघुउद्योगाच्या संगणकीकरणाचा खर्च व लाभ यांचा हिशेब, या गोष्टी अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी यायला हव्यात. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१६ मध्ये सुधारण्यात आलेल्या माहिती प्रणाली अभ्यासक्रमाच्या आराखड्यानेही विषयांच्या यादीऐवजी विद्यार्थ्याच्या अंगी यावयाच्या क्षमतांवर भर दिला आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात सहकारी बँका, साखर कारखाने आणि लघुउद्योग यांचे जाळे असल्याने अभ्यासासाठी जिवंत उदाहरणांची येथे वाण नाही.

विद्यार्थी व पालकांनीही चकचकीत माहितीपत्रकापलीकडे पाहण्याची गरज आहे. जाहिरातीतील सर्वोच्च पगाराचा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो, आणि सरासरीही दोन-चार मोठ्या पगारांनी फुगते. त्यापेक्षा वर्गातील मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला काय मिळाले, किती जणांना नोकरी मिळालीच नाही आणि मिळालेले काम कोणत्या स्वरूपाचे होते, हे विचारावे. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने प्लेसमेंट अहवालांसाठी मानके तयार झाली आहेत. संस्था ती पाळते का, आणि आकड्यांची तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून करून घेते का, हा प्रश्न प्रवेशाआधी विचारण्यात संकोच नसावा. शिकविणाऱ्यांपैकी किती जणांनी उद्योगात प्रत्यक्ष काम केले आहे, हेही पाहावे. शैक्षणिक कर्ज काढून शिकणाऱ्या कुटुंबाला एवढे विचारण्याचा निश्चितच अधिकार आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी या पदवीला मागणी होती, कारण संगणकाची भाषा कळणारे थोडे होते आणि व्यवसायाची भाषा कळणारे त्यांच्यापासून दूर होते. आज ते अंतर बरेच घटले आहे. तेव्हाचा अभ्यासक्रम तोंडावळा बदलून आजही विकत राहणाऱ्या संस्था काही काळ तग धरतीलही, पण त्यांच्या दुरवस्थेची किंमत विद्यार्थी मोजतील. कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याच्या त्या शनिवारी नेमका कोणता प्रश्न, कोणी आणि कधी विचारायला हवा होता, याचे उत्तर ज्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी देऊ शकेल, त्याच वर्गातील पदवी यापुढे मोलाची ठरेल.