बिबट्याच्या हल्ल्याला भरपाई, मग कुत्र्याच्या चाव्याला का नाही?

महाराष्ट्रात वाघाच्या किंवा बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य सरकार त्याच्या वारसांना 25 लाख रुपये देते. जखमींसाठीही रकमा ठरलेल्या आहेत. त्यासाठी वन खात्याला कोर्टात खेचावे लागत नाही. पंचनामा, डॉक्टरांचा दाखला आणि वन अधिकाऱ्याचा अहवाल यांवर प्रकरण पुढे सरकते. याच राज्यात शाळेतून घरी निघालेल्या मुलाच्या पोटरीचा लचका भटक्या कुत्र्याने तोडला, तर त्याच्या आईवडिलांनी अर्ज घेऊन जावे अशी ठरलेली खिडकी नाही की ठरलेला दर नाही. हा प्रश्न क्वचित घडणाऱ्या अपघातांचा नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे 37 लाख घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी पावणेपाच लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या.

कायद्यात दाद मागण्याची सोयच नाही, असे नाही. पाळीव कुत्रा चावला आणि मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण हा दंड सरकारजमा होतो. औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळवायची, तर मालकावर वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो. कुत्रा भटका असेल, तर वाट आणखी बिकट. महापालिकेवर दावा लावण्यापूर्वी महिनाभराची लेखी नोटीस द्यायची, आणि तरीही घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा, अशी महापालिका कायद्याची चौकट आहे. रेबीजच्या लसीचा शेवटचा डोस 28 व्या दिवशी असतो. खोल जखम भरून येईपर्यंत आणि माणूस कामावर परतेपर्यंत मुदतीचा मोठा भाग सरलेला असतो. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण तिच्या वकिलाची फी पाहून रोजंदारीवरचा माणूस जखमेवर हळद लावून गप्प बसतो.

‘भटका कुत्रा कोणाच्याच मालकीचा नाही, मग जबाबदारी कोणाची?’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. बिबट्याचे उदाहरण इथेच उपयोगी पडते. वन्यप्राण्याला मारण्याची कायद्याने बंदी आहे. नागरिकाने स्वतःच्या बचावाचा एक मार्ग सोडून द्यायचा, म्हणून नुकसान झाल्यास सरकारने ते सोसायचे, हा त्या भरपाईमागचा न्याय आहे. भटक्या कुत्र्यांची स्थितीही तशीच आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे आणि त्यानंतर कुत्रे पकडले त्याच भागात परत सोडायचे असते. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता हाच नियम सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात कायम ठेवला. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांपुरता अपवाद केला. म्हणजे गल्लीतले कुत्रे हटवण्याचा अधिकार रहिवाशाला नाही. हा अधिकार काढून घेणे योग्यच आहे, पण तो काढून घेणाऱ्या व्यवस्थेने काम न केल्याची किंमत चावा बसलेल्याने एकट्याने का मोजावी?

न्यायालयांनी वाट दाखवलेली आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये प्रत्येक दातामागे किमान 10 हजार आणि मांस निघाले असल्यास प्रत्येक 0.2 सेंटिमीटर जखमेमागे किमान 20 हजार रुपये असा दर ठरवला आणि जिल्हास्तरीय समित्यांना चार महिन्यांत निर्णय देण्यास सांगितले. दात मोजण्याची ही रीत ओबडधोबड आहे. पोटरीवरचा चावा आणि बालकाच्या चेहऱ्यावरचा चावा एका मापाने मोजता येत नाहीत. जखमेची श्रेणी, उपचाराचे दिवस, बुडालेला रोजगार आणि कायमचे व्यंग हे निकष अधिक न्याय्य ठरतील. समितीचा नमुना तर घरातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, तर जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीची व्यवस्था लावली.

‘भरपाईचा पैसा शेवटी करदात्यांचाच’ हे खरे आहे. पण लशी आणि इम्युनोग्लोब्युलिनवर तोच करदाता आजही खर्च करतो, फक्त तो खर्च आरोग्य खात्याच्या हिशेबात पडत असल्यामुळे निर्बीजीकरण रखडवणाऱ्या विभागाला त्याची झळ लागत नाही. खड्ड्यांच्या आदेशात जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसुलीची तरतूद आहे, तशी इथेही हवी. खोटे दावे येतील, ही भीतीही फार टिकत नाही. चावा बसलेला माणूस पहिल्याच दिवशी लस घ्यायला जातो, तिथे केसपेपर होतो आणि जखमेची श्रेणी नोंदली जाते. भरपाईच्या धाकाने पालिका कुत्री मारत सुटतील, हा प्राणिप्रेमींचा आक्षेप मात्र गंभीर आहे. म्हणूनच समितीने पैसे मंजूर करताना त्या प्रभागात किती निर्बीजीकरण आणि लसीकरण झाले, याची नोंद मागवून ती जाहीर करावी. ज्या प्रभागात काम झालेले नाही, तिथली भरपाई वसुलीस पात्र ठरवावी. यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. खड्ड्यांसाठीच्या समित्यांकडेच हे अर्ज सोपवण्याचा शासन निर्णय काढला तरी सुरुवात होईल.