रथ, वाट आणि वेग

आमच्या वऱ्हाडांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत हल्लीं एक वाद वरचेवर ऐकूं येतो. मुलगा किंवा नातू अमरावतीस राहतो, त्याची नोकरी किंवा शिक्षण अकोल्यास असतें. अथवा याच्या उलट. त्याला क्रूझर जातीची मोटारसायकल हवी असते. ‘नवा रस्ता झाला, आतां तासाभराचें काम,’ असें त्याचें म्हणणें. आजोबा म्हणतात, ‘हमरस्त्यानें फटफटीवर जाणें म्हणजे जिवाशीं खेळ.’ पहिलें बोलणें हौसेंतून निघतें, दुसरें भीतींतून. आणि हौस किंवा भीति यांपैकीं कोणीहि केलेला निर्णय घरांत फार दिवस टिकत नाहीं. म्हणून मध्यम आकाराची क्रूझर हमरस्त्याच्या वेगास कितपत उतरते, याचा या महिन्याच्या सदरांत हिशेबानें विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. क्रूझर म्हणजे दूरच्या प्रवासासाठीं बांधलेली, बुटक्या बैठकीची व लांब बांध्याची दुचाकी. तिचा पुढचा फोर्क अधिक तिरपा, हँडल उंच व मागें वळलेलें, आणि पाय ठेवण्याची जागा पुढें. आपल्याकडे लोकांच्या मनांत या जातीचें घराणें बुलेटपासून सुरू होतें. रॉयल एनफिल्डची ती इंग्रजी गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. पुढें पुण्याच्या बजाज कंपनीनें २००५ सालीं अॅव्हेंजर काढली आणि क्रूझर हा शब्द साध्या घरांपर्यंत पोहोंचला. २०२० सालीं आलेली मिटिऑर ३५० ही आजच्या मध्यम क्रूझरचा नमुना म्हणून घेतां येईल : इंजिन ३४९ सी. सी., शक्ति सुमारें २० अश्वशक्ति, वजन १९१ किलो, आणि बैठकीची उंची ७६५ मि.मी., म्हणजे मध्यम उंचीच्या मनुष्याचे दोन्ही पाय जमिनीस टेकतात.

आतां वाट. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा, म्हणजे पूर्वीच्या ६ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग. या रस्त्याची जी दुर्दशा अनेक वर्षें होती ती वऱ्हाडांतील वाचकांस वर्णून सांगण्याचें कारण नाहीं. बडनेऱ्याहून मूर्तिजापुरास पोहोंचेपर्यंत हाडांची मोजदाद होत असे. पुढें २०२२ च्या जून महिन्यांत याच रस्त्याची कीर्ति जगभर झाली. ३ जूनच्या सकाळीं सुरू झालेलें काम ७ जूनच्या सायंकाळीं पुरें झालें, आणि लोणी ते माना या टप्प्यांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ कि.मी. डांबरी थर अखंड घातला गेला. त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. यापूर्वींचा विक्रम कतार देशांतील दोहा येथील असून तो २५ कि.मी.च्या थोडा वर होता. ७५ कि.मी. हा आंकडा एका पदराचा आहे, दोन पदर धरले तर तो साडेसदतीस होतो, एवढें ध्यानांत ठेवावें. तथापि काम मोठें झालें यांत शंका नाहीं. रस्ता वाईट होता तोंवर वेगाचा प्रश्नच नव्हता, खड्डेच वेग ठरवीत. रस्ता चांगला झाल्यावर वेग ठरविण्याची जबाबदारी स्वाराच्या विवेकावर आली.

वेग आणि विदर्भ यांचा संबंध फार जुना आहे. महाभारतांतील नलोपाख्यानांत राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येहून एका दिवसांत कुंडिनपुरास निघतो. आणि तें कुंडिनपुर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यांतील वर्धाकांठचें कौंडिण्यपूर, असें परंपरा मानते. बाहुकाच्या वेषांतील नल रथासाठीं कृश दिसणारे घोडे निवडतो, तेव्हां राजा नाराज होतो. परंतु नलानें अंगाची जाडी पाहिली नव्हती. दूरच्या वाटेस टिकणारीं लक्षणें पाहिलीं होतीं. वाटेंत राजाचें उत्तरीय उडालें; तें उचलून आणावें असें त्यानें म्हणतांच, तें एक योजन मागें राहिलें, असें उत्तर मिळालें. पुढें बेहड्याच्या झाडाखालीं राजानें गणिताची विद्या दिली आणि सारथ्यानें अश्वविद्या दिली. या कथेचें मर्म आमच्या प्रश्नास नेमकें लागू पडतें. गाडीचा देह पाहून भुलूं नये. आणि घोड्याची विद्या असणाऱ्यास गणिताचीहि विद्या असावी.

तें गणित असें आहे. सपाट रस्त्यावर वेगानें धावणाऱ्या दुचाकीचा मुख्य शत्रु तिचें वजन नव्हे, हवा होय. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो मोडण्यास लागणारी शक्ति आठपट होते. ताशीं ८० कि.मी. वरून १०० वर जातांना वेग केवळ सव्वापट होतो. पण हवा कापण्यास लागणारी शक्ति जवळजवळ दुप्पट लागते. क्रूझरवर स्वार ताठ बसतो, त्याची छाती नावेच्या शिडाप्रमाणें वाऱ्यासमोर उभी असते. म्हणून हा खर्च तिला इतर गाड्यांहून अधिक पडतो. स्थूल मानानें पाहतां २० अश्वशक्तीच्या क्रूझरला ८० च्या वेगांत आपल्या शक्तीचा एकतृतीयांश भाग पुरतो. १०० ला निम्म्याहून अधिक खर्चीं पडतो. आणि ११० च्या पुढें थोडें जातांच सारी शक्ति संपते. म्हणजे ८० वर ही गाडी हातीं शिल्लक ठेवून चालते, १०० वर मिळकत खाऊन चालते, आणि त्यापुढें कर्ज काढते. ज्या गृहस्थास घरखर्चाची वही ठाऊक आहे त्यास याहून अधिक सांगावयास नको.

शिल्लक कशास हवी? तर पुढें जाण्यास. कापसाच्या गाठी किंवा संत्रीं भरलेला ट्रक ६० च्या वेगानें चालला असतां त्यास मागें टाकणें ८० वरील क्रूझरला कठीण नाहीं; एक गियर उतरविला कीं काम होतें. पण कोणी मोटारवाला ९५ नें चालला आहे आणि त्याच्याहि पुढें जावयाचें आहे, तर मध्यम क्रूझर तेथें रेंगाळते, आणि जेथें क्षणभर थांबावयाचें तेथें ती बराच वेळ शेजारीं चालत राहते. हें ओव्हरटेक करणें नव्हे. संकटाची सोबत करणें होय.

गाडीचे गुण मात्र उघडपणें सांगितले पाहिजेत. लांब बांधा व तिरपा फोर्क यांमुळें ती सरळ वाटेवर स्थिर असते. ट्रकच्या आडोशांतून बाहेर येतांच आडवा वारा धक्का देतो, तेथें हलकी गाडी डगमगते. ही बहुधा आपली रेघ सोडीत नाहीं. जुन्या बुलेटीवर वेग वाढला कीं आरसा थरथरून त्यांत कांहीं दिसेनासें होई आणि हातांस मुंग्या येत. एकाच सिलिंडरांत मोठा पिस्टन वर-खालीं होतो, त्याचा तो परिणाम. आतांच्या इंजिनांत उलट बाजूनें फिरणारा तोलदांडा घातलेला असतो, त्यामुळें ८०-८५ पर्यंत गाडी शांत चालते. ९० च्या पुढें थोडी थरथर पायाखालीं जाणवूं लागते. गाडीची ती सूचना समजावी.

बैठकीविषयीं एक गैरसमज आहे. ‘खुर्चीसारखी बसावयाची सोय, म्हणून दूरच्या प्रवासास उत्तम,’ असें म्हणतात. अर्ध्या तासापर्यंत हें खरें. पाय पुढें असल्यामुळें खड्डा आला असतां पायांवर उठतां येत नाहीं. सारा आघात माकडहाडावर बसतो. शिवाय १०० च्या वेगांत छातीवरचा वारा स्वारास मागें लोटतो आणि तो हँडलास लोंबकळूं लागतो. समोर कांच बसविल्यास हा त्रास बराच कमी होतो. तरीहि मूर्तिजापुरास उतरून पाय मोकळे करावेत व पाणी प्यावें. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत वाहणारा वारा थंडावा देत नाहीं, अंगांतलें पाणी शोषून नेतो, आणि तहानलेल्या मनुष्याचें भान हळूहळू कमी होतें हें त्याचें त्यास कळत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, थांबण्याची. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरूं. ८० च्या वेगांत त्या एका सेकंदांत गाडी २२ मीटर जाते, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यास आणखी सुमारें ३५ मीटर लागतात, एकूण ५७. १०० च्या वेगांत हेंच अंतर सुमारें ८३ मीटर होतें. पहिल्या गाडीचा स्वार ज्या ठिकाणीं उभा राहून निःश्वास टाकील, त्या ठिकाणीं दुसऱ्याची गाडी अजून बऱ्याच वेगानें धांवत असेल. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सी. सी. वरील सर्व नव्या दुचाकींना ए. बी. एस. सक्तीचें झालें आहे. त्यामुळें चाक अडकून घसरण्याचें भय कमी झालें, पण अंतराचें गणित बदललें नाहीं.

आणि आमच्या वाटेवर एकाएकीं थांबावें लागणार नाहीं, असें कोण म्हणेल? पहांटे व तिन्हीसांजेस शेतांतून रोही धांवत येतो. तो दोन-अडीचशें किलोंचा प्राणी असतो, आणि एक गेला म्हणजे मागून दुसरा येतो. दुभाजकाच्या फटींतून ट्रॅक्टर वळतो, कोणी वेळ वाचविण्यास उलट दिशेनें येतो. खालची काळी माती पावसांत फुगते, उन्हांत आकसते, आणि वरचें गुळगुळीत डांबर हळूहळू लाटा घेऊं लागतें. विक्रम डांबराचा झाला. मातीचा स्वभाव बदललेला नाहीं.

कायदाहि या हिशेबाशीं जुळतो. केंद्र सरकारनें २०१८ सालीं दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीस ताशीं ८० ही कमाल मर्यादा घातली. स्थानिक फलकावर ती कमी असूं शकते, तेव्हां फलक पहावा. अमरावती जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीस प्रवेशच नाहीं. आणि हें उगीच नव्हे. २०२२ या एका वर्षांत देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांत सुमारें ४४ टक्के दुचाकीवरचीं होतीं. एवढ्या मोठ्या संख्येचें दुःख मनांत मावत नाहीं. पण यांतील प्रत्येक आंकडा कोणा तरी एका घराच्या ओसरीवर पोहोंचलेला आहे.

मागें बसणाऱ्याविषयीं बोलल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. आपल्या घरांत सून किंवा लेक मागें एका अंगास पाय सोडून बसते, पदर वाऱ्यावर असतो आणि मांडीवर मूल असतें. गल्लींत जें चालून जातें तें हमरस्त्यावर चालत नाहीं. दोन्हीकडे पाय टाकून बसावें, पदर किंवा ओढणी खोंचलेली असावी, आणि हेल्मेट दोघांसहि असावें. कायद्यानें तें दोघांसहि सांगितलें आहे. चार वर्षांच्या आंतील मूल बरोबर असेल तर २०२२ च्या नियमाप्रमाणें वेग ताशीं ४० हून अधिक असूं नये व मुलास पट्टा आणि हेल्मेट हवें. महामार्गावर ४० नें जाणें म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकांस आमंत्रण. तेव्हां या नियमाचा सरळ अर्थ असा कीं तान्ह्या मुलास घेऊन अकोल्यास जावयाचें तर बडनेऱ्याहून आगगाडी आहे, बस आहे.

कोणी म्हणेल, मग ६५० सी. सी.ची मोठी गाडी घ्यावी. तिच्यांत ४७ अश्वशक्ति असते आणि १०० चा वेग तिला जड नाहीं, हें खरें. पण ती २४१ किलोंची असते, किंमतहि बरीच अधिक. आणि रोही, ट्रॅक्टर व कायदा हे तिघेहि तिला वेगळी वागणूक देत नाहींत.

सारांश असा. मध्यम क्रूझर ७० ते ८५ या वेगांत हमरस्त्याची उत्तम गाडी आहे. स्थिर, शांत आणि श्रम न देणारी. १०० वर ती चालते, पण तें तिचें घर नव्हे. आणि तिथें जाऊन मिळतें काय? अमरावती-अकोला हें अंतर शंभर कि.मी. धरलें, तर ८० नें सव्वा तास आणि १०० नें एक तास. लाभ पंधरा मिनिटांचा, तोहि वाटेंत कोठें अडलें नाहीं तर. पंधरा मिनिटांसाठीं दुप्पट शक्ति आणि जवळजवळ दीडपट थांबण्याचें अंतर हा सौदा कोणत्याहि शहाण्या व्यापाऱ्यानें केला नसता.

तेव्हां हिशेब मान्य करणाऱ्या तरुणास वडीलधाऱ्यांनीं गाडी खुशाल घेऊं द्यावी. त्याच्याकडून तीन गोष्टी मात्र कबूल करून घ्याव्या : दर आठवड्यास टायरांतील हवा पाहणें, उजेडांतच प्रवास करणें, आणि कांटा ८० च्या पुढें न नेणें. त्याच्याशीं आपणहि एक गोष्ट कबूल करावी. तो निघाल्यापासून दर दहा मिनिटांनीं ‘कोठवर आलास?’ म्हणून फोन करूं नये, आणि ताट वाढून ठेवलें आहे असें सांगून त्यास घाई करूं नये. कठोपनिषदांत बुद्धीला सारथी म्हटलें आहे. तो सारथी स्वाराच्या मस्तकांत बसतो हें खरें. पण त्याला घाई लावणारे पुष्कळदां घरांत बसलेले असतात. जेवण अर्धा तास उशिरां झालें तर पुन्हां ऊन करतां येतें.